पुस्तकाला सहा इंच पुरतात

नमस्कार. मुंबईतल्या घरांत कपाटं आणि शेल्फं बसवून देण्याचं काम मी गेली २२ वर्षं करते आहे. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "ताई, पुस्तकं खूप आहेत हो, पण जागा नाही." मग मी खोलीभर टेप फिरवते आणि जागा निघते. जबाबदारीनं सांगते, निघतेच.

कारण साधं आहे. कपड्यांच्या कपाटात हँगर राहायचा तर पुढून मागेपर्यंतचं माप, सुतार ज्याला डेप्थ म्हणतात ते, २२ ते २४ इंच लागतं. फ्रिजला त्याहून जास्त. पलंगाचं तर विचारूच नका. सहा-सात इंचांत भागतं असं घरात फारसं काही नसतं. पुस्तकाचं भागतं. आपलं डेमी आकाराचं मराठी पुस्तक रुंदीला जेमतेम साडेपाच इंच असतं.

आता आपापली खोली डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात आरसीसीचा खांब भिंतीतून पाच-सहा इंच पुढे आलेला. तसाच दुसरा पलीकडच्या कोपऱ्यात. या दोन खांबांमधली भिंत म्हणजे आयता कोनाडा. दाराच्या मागे, दार सताड उघडलं तरी, वीतभर पट्टा मोकळा राहतो. दारावर, चौकट आणि छत यांच्यामध्ये, दीड-दोन फूट भिंत नुसतीच असते. लोक या जागांना वाया गेलेल्या म्हणतात आणि तिथे झाडू उभा करतात. माझ्या मते या शहरात पुस्तकांची हक्काची जागा तीच आहे.

अडतं कुठे? तयार शेल्फाच्या मापाशी. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेते. आयकियाचं बिली हे शेल्फ गिलिस लुंडग्रेन यांनी १९७९ साली आखलं. त्याचं नेहमीचं माप ८० सेंटिमीटर रुंद, २८ सेंटिमीटर डेप्थ आणि २०२ सेंटिमीटर उंच. वस्तू विचारपूर्वक केलेली आहे, माझी काही तक्रार नाही. पण २८ सेंटिमीटर म्हणजे अकरा इंच. डेमी पुस्तक मागे टेकवून ठेवलं की पुढे पाच इंच फळी रिकामी उरते. तिथे आठवड्याभरात चाव्या, चष्मा आणि औषधांच्या पट्ट्या येऊन बसतात. आणि तेच पाच इंच आपल्या दाराला नडतात.

म्हणून मी शेल्फ मागच्या बाजूनं कापून घेते. पुढची कड पट्टी लावलेली असते, तिला हात लावायचा नाही. २८चं १८ केलं की पाठ बसवायची खाच जाते. मग पाठीला सहा एमएमचा प्लाय स्क्रूनं मारायचा. त्यानं शेल्फ उलट जास्त ताठ होतं. मात्र कापण्याआधी फळी बोटानं वाजवून पाहा. चौकोनी खणांच्या काही रॅकमध्ये फळी आतून पोकळ असते, मध्ये कागदाची जाळी. ती कापली तर स्क्रू धरायला काही उरतच नाही.

रुंदीबद्दल माझा हट्ट आहे, तो सांगते. फळीला पोट येतं हे सगळ्यांनी पाहिलंय. फूटभर डेमी पुस्तकं साधारण सात किलो भरतात. दिवाळी अंक, गुळगुळीत कागदाचे, दहा-बारा किलोंच्या घरात जातात. असं सलग वजन असेल, तर फळीचा झोळ लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे ८० सेंटिमीटरची फळी ६०ची केली, तर झोळ एक तृतीयांशाच्याही खाली येतो. जाडी दुप्पट केली तर तो आठवा हिस्सा होतो. अडचणीच्या जागेत अरुंद शेल्फ बसवावं लागलं म्हणून हळहळणाऱ्यांना मी सांगते, तुमच्या फळ्या वीस वर्षं सरळ राहतील. जे सलग ८०चं आहे, त्यात मधोमध एक उभी फळी टाका.

आता गिरगावातल्या एका चाळीची गोष्ट. निवृत्त शिक्षक, एकटे राहतात. खोलीला पोटमाळा, आणि त्याच्याखाली २०३ सेंटिमीटर उंची. शेल्फ २०२चं. एक सेंटिमीटर हातात आहे म्हणून मी निश्चिंत होते. आम्ही शेल्फ जमिनीवर आडवं जोडलं आणि उभं करायला लागलो, तर वरचा कोपरा पोटमाळ्याच्या पाटईला अडकला. उभं करताना शेल्फाची उंची मोजायची नसते, कर्ण मोजायचा असतो. २०२ उंची आणि २८ डेप्थ यांचा कर्ण जवळजवळ २०४ होतो. एका सेंटिमीटरसाठी सगळं अडलं. उभ्यानं जोडावं, तर पाठ मारायला मागे हात जात नाही.

काका स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "ताई, एक खण कमी झाला तरी चालेल, पण शेल्फ परत नेऊ नका." खण कमी करायची गरज नव्हती. शेल्फ पुन्हा सोडवलं, दोन्ही बाजूच्या फळ्या आणि समोरची खालची पट्टी तळातून दोन सेंटिमीटर कापली. उंची २००, कर्ण २०२. अलगद उभं राहिलं. कापलेल्या कडेला तिथल्या तिथे फेव्हिकॉल चोपडला, वर ऑइलपेंटचे दोन हात दिले. हे टाळू नका. आपल्याकडे लादी रोज पुसतात, आणि पार्टिकल बोर्डाची उघडी कड ते पाणी पिऊन पावासारखी फुगते. खाली पीव्हीसीच्या पातळ चकत्याही ठेवल्या.

भिंती सरळ नसतात, हे वेगळं सांगायला नको. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजा, सगळ्यात लहान आकडा खरा धरा. कोपरा काटकोनात आहे का, हे सुताराचा गुण्या नसला तरी कळतं. एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करा. मधलं अंतर पाच फूट आलं पाहिजे. नाही आलं तर शेल्फ थोडं लहान घ्या आणि उरलेल्या फटीत पट्टी बसवा. पट्टी भिंतीशी उभी धरायची, पेन्सिलीला एक लाकडाचा तुकडा लावून भिंतीवरून खाली ओढत न्यायची. भिंतीचा वळ पट्टीवर उतरतो. त्या रेषेवर कापलं की फट दिसत नाही.

फक्त पावसाचा मारा असलेली बाहेरची भिंत असेल, तर मागची फट बुजवू नका. इंचभर हवा खेळू द्या. ओल धरली की कसर येते, आणि तिनं किती घरांतले किती जुने अंक खाल्लेत हे पाहून मला खरंच वाईट वाटतं.

उंच शेल्फ भिंतीला बांधलंच पाहिजे, लहान मुलं असोत वा नसोत. विटांच्या भिंतीत, स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती साधी गिट्टी चालते. नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, भिंती असतात, तिथे ती सैल होते, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात. बीममध्ये मात्र भोक पाडू नका.

भाड्यानं राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ११ महिन्यांचा करार, दर खेपेला सामान हलवायचं. सुटं होणारं शेल्फ त्यासाठीच उत्तम, पण दोन-तीनदा सोडवलं की स्क्रूची भोकं ढिली पडतात. काडेपेटीच्या काड्या, गुल काढून, फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका. रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू फिरवा. पुढचं घर निभावतं. नवीनच करून घेणार असाल तर प्लायमध्ये करा, तो स्क्रू जास्त वेळा धरतो.

मागच्या महिन्यात काकांकडे गेले होते. पोटमाळा आणि शेल्फ यांच्यामध्ये आता तीन सेंटिमीटर जागा आहे. तिथे त्यांनी जुन्या वर्गांचे फोटो पाकिटात घालून आडवे सरकवून ठेवलेत.

ज्यांनी खोलीची मापं लिहून आणली आहेत त्यांनी पुढे या. टेबलावर आलेखाचा कागद आहे, आपण आत्ताच आखून पाहू.