पंखाच्या पोटातल्या तारा

[हँगरचं दार सरकतं. आत पंखाखालची झाकणं काढलेलं विमान.]

हे सेसना 172. चार आसनांचं, एका इंजिनाचं. 1956 मध्ये बाजारात आलं आणि आजवर अशी 44 हजारांहून अधिक विमानं तयार झाली. दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही. वैमानिक व्हायला निघालेल्या कितीतरी मुलामुलींनी जमीन पहिल्यांदा सोडली ती यातूनच.

उड्डाणाचे 100 तास भरले, म्हणून ते इथं आलंय. इंजिन उघडलेलं आहे, पण त्याच्याकडे नंतर कुणीही बघेल. आपण इथं बघू, पंखाच्या पोटात.

[क्लोज-अप: टॉर्चच्या उजेडात केबल.]

ही पोलादी केबल. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, सायकलच्या ब्रेकच्या तारेच्या दुप्पट. सात पेड, एकेका पेडात 19 तारा, म्हणजे एकूण 133. इतकी बारीक गुंफण अशासाठी, की केबल कप्प्यांवरून हजारो वेळा वळली तरी तिनं मोडू नये.

वैमानिकाच्या हातात असतो योक. गाडीच्या स्टेअरिंगसारखा तो फिरतो, शिवाय मागे-पुढेही सरकतो. तो फिरवला की डॅशबोर्डमागची साखळी फिरते, साखळी केबल ओढते, केबल कप्प्यांवरून धडातून वर चढून पंखात शिरते. तिथं बेलक्रँक नावाचा एक लहानसा तुकडा ती ओढ वळवून एका दांडीला देतो. आणि ती दांडी हलवते याला.

[पंखाच्या मागच्या कडेवरची झडप वर-खाली होते.]

हा एलेरॉन. दोन पंखांना दोन, आणि कायम एकमेकांच्या उलट. योक उजवीकडे फिरवला की उजवा वर जातो, डावा खाली. डाव्या पंखाचा बाक वाढतो, तो हवा जास्त जोरानं खाली लोटतो आणि स्वतः उचलला जातो. विमान उजवीकडे कलतं. पण उचलला गेलेला पंख हवेत जास्त अडतोही, त्यामुळे नाक आधी डावीकडे, म्हणजे नेमकं नको तिकडे, ओढलं जातं. म्हणूनच या विमानात एलेरॉन वर 20 अंश जातो आणि खाली 15च. उरलेली ओढ वैमानिकाला पायांखालच्या पेडलांनी सांभाळावी लागते.

[मेकॅनिकचे हात. हातात जुनं सुती फडकं.]

आता हे नीट बघा. फडकं केबलभोवती धरायचं आणि टोकापर्यंत ओढत न्यायचं. 133 पैकी एक तार जरी तुटलेली असेल, तरी तिचं टोक फडक्यात अडकतं. बोटानं तपासलं तर बोट कापतं. डोळ्यांना ती तार दिसेलच असं नाही, फडक्याला मात्र कळतं. कप्पीवरचा भाग तपासायचा असेल तर दुसऱ्यानं आत बसून योक फिरवायचा, म्हणजे दडलेली केबल बाहेर येते.

मग टर्नबकल. मधली नळी फिरवली की दोन्हीकडची केबल ताणते किंवा सैल होते. तीनपेक्षा जास्त आटे नळीबाहेर दिसता कामा नयेत. ताण मोजून घ्यायचा, कारण उन्हात ॲल्युमिनियमचं धड पोलादी केबलपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि ताण बदलतो. शेवटी नळी आपोआप फिरू नये म्हणून तिला बारीक तारेनं बांधायचं.

[या भागात निवेदन नाही. फक्त हात आणि पक्कड.]

[जुनं कृष्णधवल छायाचित्र: राइट बंधूंचं विमान.]

17 डिसेंबर 1903, अमेरिकेतलं किटी हॉक. ऑरव्हिल राइट खालच्या पंखावर पालथा झोपलाय. कमरेखाली एक सरकती चौकट आहे. कंबर हलवली की तिला बांधलेल्या तारा पंखांची टोकं पिळतात आणि मागचं सुकाणूही वळवतात. उड्डाण 12 सेकंदांचं झालं. इंजिनं इतरांकडेही होती. हवेत तोल कसा धरायचा, हे कोडं या दोघा भावांनी सोडवलं, आणि तेही तारा ओढूनच.

[शेपटीकडे.]

शेपटीचा हा आडवा भाग. त्याच्या मागच्या कडेला एलिव्हेटर. योक मागे ओढला की तो वर उचलला जातो, हवा शेपूट खाली दाबते, नाक वर येतं. उभा आहे तो रडर, होडीच्या सुकाणूसारखा, पायांच्या पेडलांवर चालणारा. उजव्या एलिव्हेटरवरची ही छोटी पट्टी म्हणजे ट्रिम टॅब. ती योकवरचा जोर हलका करते, नाहीतर लांबच्या प्रवासात दंड भरून येतील. पंखाच्या मागच्या कडेला, एलेरॉनच्या आतल्या बाजूला असतात ते फ्लॅप, खाली झुकणारे. ते उतरताना लागतात. इथं ते मोटरवर चालतात.

मोठ्या विमानांत हा जोर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, यंत्रणा लावते. बोइंग 737 मध्ये योकपासून निघते ती मात्र केबलच.

[दोन केबलींची टोकं शेजारी शेजारी.]

ही दोन टोकं अदलाबदल होऊन जोडली गेली, तर काय? 23 ऑगस्ट 1947 ला इंग्लंडमध्ये ॲव्हरो ट्यूडर विमानाच्या एलेरॉनच्या केबली उलट जोडल्या गेल्या होत्या. उड्डाणानंतर लगेच ते कोसळलं. लँकॅस्टर बॉम्बर ज्यांनी घडवलं ते रॉय चॅडविक त्यात गेले.

[दुसरा इंजिनिअर टॉर्च घेऊन तीच केबल पाहतो.]

म्हणून कंट्रोलची जोडणी एकदा उघडली, की ती दोघांनी वेगवेगळी तपासायची. ज्यानं जोडली त्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, मग त्याचा अनुभव कितीही दांडगा असो. दोन सह्या होतात. त्या सह्या प्रवाशांना कधी दिसत नाहीत. या चित्रणात त्या मुद्दाम घेतल्या आहेत.

[सकाळ. झाकणं बसलेलं विमान बाहेर उभं.]

प्रशिक्षणार्थी आत बसते. दोन्ही हात योकवर, अंगठे वर. योक डावीकडे फिरवला की अंगठे डावीकडे झुकतात, आणि वर उचललेला एलेरॉनही डावीकडचाच दिसायला हवा. ती मान वळवून पाहते. मग उजवीकडे, मग मागे, मग पुढे. बाहेर उभा मेकॅनिकही तेच पाहतोय.

तो हात वर करतो. विमान धावपट्टीकडे वळतं. हँगरमध्ये पुढच्या विमानाची झाकणं काढायला सुरुवात झालीय, आणि फडकं पुन्हा हातात आहे.