मान शाल्ता, म्हणजे मला थंडी वाजते

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते उबेबद्दल, आणि तीही आपल्याकडच्या नाही तर लिथुएनियाच्या. बाल्टिक समुद्राकाठचा हा एवढासा देश, आख्ख्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत, म्हणजे एकट्या पुणे शहरात त्याहून जास्त माणसं राहतात. मी तिथं कौनास शहरात दोन हिवाळे काढले आणि जी काही भाषा आली ती पुस्तकातून कमी, रेडिएटरला पाठ टेकून जास्त आली.

जायच्या आधी एक यादी हातात पडली होती, परदेशी निघालेल्या माणसाला अशी यादी कुणी ना कुणी देतंच. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं लिथुएनियन. हीटिंग म्हणजे शिल्दीमस, बॉयलर म्हणजे कातिलस, रेडिएटर म्हणजे रादियातोरियुस, स्टोव्ह म्हणजे क्रोस्निस, फायरप्लेस म्हणजे झिदिनीस, फायरवूड म्हणजे माल्कोस. मी सगळी पाठ केली, आणि पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की मधे इंग्रजी ठेवून ही भाषा शिकणं म्हणजे नुसता द्राविडी प्राणायाम आहे. मराठी माणसानं तो डावीकडचा रकाना पुसावा आणि तिथं मराठी लिहावं, निम्मं काम तिथंच होतं. का ते सांगते.

सप्टेंबर संपत आला होता, बाहेर सारखी रिपरिप, मी दोन स्वेटर घालून खोलीत बसलेली आणि खिडकीखालचा रेडिएटर गार लोखंड. घरमालकीण आजी वर आल्या. मी यादीतले शब्द जुळवले आणि म्हणाले, आश शाल्ता. आश म्हणजे मी, शाल्ता म्हणजे थंड, इंग्रजीत आय ॲम कोल्ड म्हणतात ना, अगदी तसं. आजींनी माझा हात हातात घेतला आणि सावकाश म्हणाल्या, मान शाल्ता. मान म्हणजे मला. आश शाल्ता म्हटलं तर मी स्वभावानंच थंड, माया नसलेली बाई आहे असा अर्थ निघू शकतो, आणि थंडी वाजत असेल तर मान शाल्ता म्हणायचं. अहो, हे तर आपलंच झालं! आपण कुठं म्हणतो मी थंड आहे म्हणून, आपण म्हणतो मला थंडी वाजते, मला उकडतंय. तेही म्हणतात मान कार्श्ता, मला गरम होतंय. जे वाक्य आजोळी बोलत आले तेच मी इंग्रजीच्या साच्यात घालून मोडून ठेवलं होतं.

आणि या शाल्ताचं मूळ रूप शाल्तस, त्याच्या शेजारीच शिल्तस बसलाय. शाल्तस म्हणजे थंड, शिल्तस म्हणजे ऊबदार, एका स्वराचा फरक आणि माणूस इकडचा तिकडं. मी लक्षात ठेवायला एक युक्ती केली. सर्दी हा आपला शब्द फारसीतून आला, फारसीत सर्द म्हणजे थंड, आणि भाषेचे अभ्यासक सांगतात की तो सर्द आणि हा शाल्तस एकाच मुळाचे. मग काय, शाल्तस म्हटलं की सर्दी आठवायची, पुन्हा कधी चुकले नाही. शिल्तसपासून शिलुमा होतो, आणि हा शब्द मला फार आवडतो कारण त्याला आपल्याकडं नेमका जोडीदार आहे, ऊब. इंग्रजीत हीट वेगळं, वॉर्म्थ वेगळं. शिलुमा मात्र बिलावर पण येतो आणि आईच्या कुशीबद्दल बोलताना पण येतो.

आता तो रेडिएटर गार का होता, ते ऐका. तिथं शहरांत बहुतेक ठिकाणी घरोघरी वेगळा बॉयलर नसतो. गावाची एक मोठी कातिलिने असते, म्हणजे बॉयलरघर, तिथं पाणी तापतं आणि जमिनीखालच्या जाड पायपांतून इमारतीइमारतीत जातं, देशातली निम्म्याहून जास्त माणसं अशीच ऊब घेतात. ती कधी सुरू करायची याचा नियम आहे, सलग तीन दिवस बाहेरचं सरासरी तापमान १० अंशांच्या खाली राहिलं की नगरपालिका शिल्दीमो सेझोनस जाहीर करते, म्हणजे ऊब देण्याचा हंगाम. वसंतात उलट, तीन दिवस १० च्या वर गेलं की बंद. आपण जूनमध्ये केरळात पाऊस आला का, तळकोकणात आला का म्हणून बातम्या ऐकतो ना, तसे ते लोक सप्टेंबर-ऑक्टोबरात ऐकतात की कुठल्या शहरात सुरू झालं. आणि ज्या दिवशी होतं त्या दिवशी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आधी तेच बोलतो.

आमच्याकडं सुरू झालं, पण माझा रेडिएटर खालून कोमट आणि वरून गारच. आजी एक छोटी किल्ली आणि जुना टमरेल घेऊन आल्या, रेडिएटरच्या कोपऱ्यातला स्क्रू अर्धा फेरा फिरवला, फुस्स करत हवा बाहेर आली, बराच वेळ येत राहिली, मग पाण्याचे दोन काळपट थेंब, मग धार, आणि लगेच स्क्रू बंद. पाच मिनिटांत लोखंड वरपर्यंत तापलं. याला इंग्रजीत रेडिएटर ब्लीड करणं म्हणतात, म्हणजे त्याचं रक्त काढणं. लिथुएनियनमध्ये नुओरिंती, त्यात ओरस म्हणजे हवा, म्हणजे सरळ हवा काढणं. स्टोव्हची हवा काढतो, सायकलची काढतो, तशीच ही. यादीत मात्र ब्लीड लिहिलेलं होतं आणि मी बिचारी रक्ताचा शब्द शोधत बसले होते.

बाथरूममध्ये भिंतीला एक वळणावळणाची नळी असते, तिच्यातून गरम पाणी फिरतं आणि तिच्यावर टॉवेल वाळतो. इंग्रजी यादीत त्याला टॉवेल रेल, म्हणजे कोरडा कारभार. तिकडं सगळे त्याला गीवातूकस म्हणतात, म्हणजे छोटासा साप. गीवाते म्हणजे साप, आणि तो शब्द आलाय गीवस वरून, गीवस म्हणजे जिवंत, आपला जीव तोच. सापाला साप न म्हणता जिवंत वस्तू म्हणायचं. माझं माहेर देवरुखजवळचं, संध्याकाळ झाली की माझी आजी सापाचं नाव घेऊ द्यायची नाही, म्हणायची, परड्यात जनावर निघालंय, आणि गोव्यात कोंकणीत तर सापाला जिवाणेंच म्हणतात. म्हणजे बघा, त्या बर्फाळ देशातल्या बाथरूमच्या नळीत आणि आमच्या परड्यात एकच जीव वळवळतोय! हे कळलं त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं.

मग मी वहीच केली. उग्निस, आग, आपला अग्नी. दूमाय, धूर, संस्कृतातला धूम. आंग्लिस, कोळसा, हा अंगार, म्हणजेच आपला इंगळ. देगा म्हणजे जळतंय, आपल्या दाह मधला. झिएमा म्हणजे हिवाळा, यातला झ इंग्रजी टेलिव्हिजनमधल्या ज सारखा बोलायचा, हा हिम आणि हेमंतचा भाऊ. सगळंच काही असं जुळत नाही बरं का, ओढून ताणून जुळवू पण नये. कातिलस उसना आलेला, इंग्रजीतल्या केटलचा सख्खा. धुराड्याला कामिनस म्हणतात, तो आणि चिमणी दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, आणि आपण तर इंग्रजांकडून चिमणी घेऊन गिरणीच्या धुराड्याला पण दिली आणि रॉकेलच्या दिव्याला पण. त्यांचा स्वतःचा घडवलेला शब्दही आहे, दूमत्राउकिस, धूर ओढणारा. असा शब्द एकदा ऐकला की अर्थ सांगावा लागत नाही.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. इंग्रजीत ड्राफ्ट, खिडकीच्या फटीतून आत येणारा गार झोत. त्यांच्याकडं स्केर्सवेयिस, म्हणजे आडवा वारा, समोरासमोरची दोन दारं उघडी राहिली की वाहतो तो. वेयस म्हणजे वारा, आपला वायू. आणि या स्केर्सवेयिसला तिथली म्हातारी माणसं काय घाबरतात! बसमध्ये दोन्हीकडच्या खिडक्या उघडल्या की लगेच कुणीतरी उठून एक बंद करतं. कानात वारा जाईल, टोपी घाल, असं ओरडणारी आजी मला तिथं पुन्हा भेटली.

आणखी एक शब्द आहे, तो मी यादीत कधीच पाहिला नाही आणि तो प्रत्येक यादीत असावा असं मला मनापासून वाटतं. लाउझस, शेकोटी. लाउश्ती म्हणजे मोडणं, मोडलेल्या फांद्या रचून पेटवतात म्हणून लाउझस. ११ मार्च १९९० ला लिथुएनियानं सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, एप्रिलमध्ये मॉस्कोनं तेल बंद केलं, गॅस कमी केला. पुढच्या जानेवारीत सैन्य आलं. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री राजधानी विल्नियसमध्ये टीव्ही टॉवर आणि रेडिओची इमारत ताब्यात घेतली, निःशस्त्र १४ माणसं गेली. विल्नियसचा आवाज बंद झाला तेव्हा कौनासच्या एका छोट्या स्टुडिओनं प्रसारण उचललं आणि रात्रभर जगाला सांगत राहिले काय चाललंय ते. आणि संसदेभोवती हजारो माणसं त्या कडाक्याच्या थंडीत शेकोट्या पेटवून पहारा देत उभी होती, हातात शस्त्र नाही. आजही दर जानेवारीत त्या आठवणीत लाउझस पेटवतात. आजी त्या वेळी विल्नियसला गेल्या होत्या, सोबत गरम चहाचे थर्मास घेऊन. त्या याबद्दल फार बोलत नाहीत, एवढंच म्हणाल्या की मान नेबुवो शाल्ता, मला थंडी वाजली नाही.

ऊब कुणाकडून घ्यायची हा प्रश्न त्या देशाला पुढंही सुटला नाही. कातिलिनेंत वर्षानुवर्षं रशियाचा गॅस जळत होता. २०१४ च्या ऑक्टोबरात क्लाइपेदा बंदरात द्रवरूप गॅस साठवणारं एक जहाज येऊन उभं राहिलं, त्याचं नावच इंडिपेंडन्स, आणि २०२२ च्या एप्रिलपासून त्यांनी रशियाचा गॅस घेणं थांबवलं. कातिलिनेंत आता जास्त करून लाकडाचे तुकडे जळतात, त्याला बियोकुरस म्हणतात. कुरस म्हणजे इंधन, आणि ज्या कुर्ती वरून तो आला त्याचा अर्थ चूल पेटवणं असाही होतो आणि निर्माण करणं असाही, कविता करणं म्हणजे पण कुर्तीच.

दुसऱ्या हिवाळ्यात आजी मला त्यांच्या गावच्या घरी घेऊन गेल्या. तिथं पाईप नाहीत, खोलीच्या मधोमध विटांची मोठी क्रोस्निस, अर्धी चूल अर्धी भिंत, तिच्या अंगाला हात लावला तर आमच्या कोकणातल्या तांब्याच्या बंबाचीच आठवण झाली, तीच धग, तोच ओलसर राखेचा वास. झोपायच्या आधी आजींनी निखारे एका बाजूला ओढले आणि त्यावर राख पसरली, पोरावर गोधडी घालावी तशी, आणि पुटपुटल्या. त्यांच्या आईची सवय. चुलीतल्या आगीला तिकडं गाबिया म्हणतात, ती घरातली देवी, तिला रात्री नीट झाकून झोपवायचं, शेजारी वाटीत पाणी ठेवायचं म्हणजे तिला अंग धुता येईल. माझी आजी पण विस्तव राखेत झाकून ठेवायची, काडेपेटी वाचायची म्हणून असं आम्ही समजायचो, पण झाकल्यावर ती चुलीला हात जोडायची. आणि इंग्रजीतला कर्फ्यू, जो आपण दंगलीच्या बातम्यांत ऐकतो, तोही जुन्या फ्रेंचमधून आलेला, अर्थ काय तर आग झाका.

सकाळी बाहेर उणे अठरा होतं, खिडकीच्या आतून बर्फाची नक्षी. आजींनी राख बाजूला केली, खाली लाल डोळा अजून जागा होता. त्यांनी कोपऱ्यातल्या बेर्झसच्या ओंडक्यावरून पांढऱ्या सालीची एक पट्टी सोलली, कागदासारखी पातळ. बेर्झस म्हणजे भूर्ज, ज्याच्या सालीवर आपल्याकडं पोथ्या लिहिल्या त्याचाच भाऊबंद. ती पट्टी निखाऱ्यावर ठेवली, वर दोन ढलप्या, आणि वाकून हळू फुंकर घातली. साल आक्रसली, कडेनं पिवळी झाली, मग एकदम पेटली.

देगा, आजी म्हणाल्या, आणि मला जवळ बसायची खूण केली.