एकतीस मॅच पुरत नाहीत म्हणे

तर मंडळी, आता तो वाद घेऊ, ज्यावरून मघाशी मागच्या रांगेत जुंपली होती. एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, तिचा २०१६-१७ चा रुकी ऑफ द इयर, म्हणजे पहिल्यांदाच खेळणाऱ्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा अवॉर्ड. मिळाला मिलवॉकी बक्सच्या माल्कम ब्रॉग्डनला, आणि माझं आजही म्हणणं आहे की तो फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बीडचा होता.

ब्रॉग्डनला नावं ठेवत नाहीये हां. पोरगा गुणी. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, ३६ वा, म्हणजे दुसरा राउंड, तिथल्या पोरांना कोण विचारतं? तरी ७५ मॅच खेळला, सरासरी १०.२ पॉइंट, ४.२ असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास, लांबून मारायचे थ्री-पॉइंटर ४० टक्क्यांच्या वर यशस्वी, आणि टीम ४२-४० करून, म्हणजे ४२ जिंकून ४० हरून, प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, गेली.

आता एम्बीड. कॅमेरूनचा सात फुटी गडी, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा, पण पायाचं हाड मोडलं आणि दोन अख्खे सीझन एकही मॅच नाही. मग उतरला तो असा उतरला की विचारू नका, सरासरी २०.२ पॉइंट, ७.८ रिबाउंड, म्हणजे हुकलेले शॉट पकडणं, २.५ ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा शॉट अडवणं, आणि हे सगळं मॅचला जेमतेम २५ मिनिटांत, कारण टीम त्याला मिनिटं मोजूनमापून देत होती. जानेवारीनंतर गुडघ्याने दगा दिला, खेळ खलास, मॅच झाल्या ३१.

लोक इथेच थांबतात, ३१ ऐकलं की विषय संपला. अरे पण जरा एकूण पॉइंट बघा ना! ब्रॉग्डनचे ७६७, एम्बीडचे ६२७. मिनिटं? ब्रॉग्डनची दोन हजाराच्या आसपास, एम्बीडची आठशेच्या आत. आता ब्रॉग्डन पडला गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा, त्याचं काम नुसतं पॉइंट करायचं नाही, मान्य, पण मग फिलाडेल्फियाचं काय झालं तेही बघा, आदल्या वर्षी १०-७२ असलेली टीम, एम्बीड खेळला तेव्हा १३-१८ आणि तो नसताना १५-३६.

बरं, किमान किती मॅच हव्यात हे ठरवलं कोणी? न्यूयॉर्क निक्सच्या पॅट्रिक युइंगला १९८६ मध्ये ८२ पैकी ५० मॅचवर हाच अवॉर्ड दिलाय. २०२३ पासून ६५ मॅचची अट आली ती एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, वगैरे अवॉर्डना, रुकीच्या अवॉर्डला ती लागू नाहीच. म्हणजे ५० चालतात, ३१ नाही, मधली रेघ ज्याची त्याने आपल्या मनाने मारायची.

आणि मला खरा राग येतो तो मतांचा. पहिल्या पसंतीची मतं ब्रॉग्डनला ६४, एम्बीडला २३, एम्बीडच्याच टीमच्या दारिओ शारिचला १३, तरी दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचे गुण धरून एकूण गुणांत शारिच दुसरा आणि एम्बीड तिसरा. हे काय गणित आहे राव? ३१ मॅच कमी वाटत असतील तर त्याला यादीतच घेऊ नका ना, आणि पुरेशा वाटत असतील तर शारिच त्याच्यापेक्षा कशात सरस होता ते मला सांगा, दोघं एकाच टीमचे, एकाच ड्रेसिंग रूममधले.

हां, तुम्ही, निळा शर्ट, कधीचा हात वर आहे, बोला.