४,२९,४९,६७,२९७ : फर्माची सहावी संख्या

चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या मिळते.

सतराव्या शतकात पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा असा समज झाला होता की, २ चा घातांक स्वतःच १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जाणारा घेतला आणि आलेल्या उत्तरात १ मिळवला, तर प्रत्येक वेळी मूळ संख्याच हाती येते. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. सहावी मात्र मूळ नाही. लिओनार्ड ऑयलरने १७३२ मध्ये दाखवून दिले की तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो.

हा विभाजक इतका लहान असूनही फर्माच्या नजरेतून सुटला, याचे नवल वाटते. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असला पाहिजे, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. एडुआर्ड ल्युकाने एकोणिसाव्या शतकात ६४ च्या जागी १२८ आणले. मग उमेदवार उरतात ते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ असे. त्यांपैकी २५७ ही स्वतःच फर्माची संख्या आहे, आणि फर्माच्या कोणत्याही दोन संख्यांना सामाईक मूळ विभाजक नसतो, म्हणून ती बाद होते. १२९, ३८५ आणि ५१३ या मूळ संख्याच नाहीत. म्हणजे तपासण्याजोगी पहिलीच संख्या ६४१ आहे.

भागाकार न करताही हे पाहता येते. ६४१ म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात, अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्या मांडणीनुसार, ५ गुणिले २ चा सातवा घात याला ६४१ ने भागल्यास बाकी उणे १ मानता येते, आणि त्याचा चौथा घात घेतला की ती १ होते. त्या चौथ्या घातातील ५ चा चौथा घात काढून, दुसऱ्या मांडणीनुसार, त्याच्या जागी उणे २ चा चौथा घात ठेवला, की २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ ठरते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

दुसरा अवयव ६७,००,४१७ हाही मूळच आहे. त्याचे वर्गमूळ २,५८९ पेक्षा कमी असल्याने १२८ च्या त्याच नियमानुसार २५७ वगळता ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्या चारच संख्यांनी भागून पाहावे लागते, आणि एकीनेही भाग जात नाही.

मूळ नसल्याची आणखी एक खूण वर्गांच्या बेरजेत आहे. कोणतीही मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाहून अधिक प्रकारे लिहिता येत नाही. ही संख्या मात्र ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग अशी लिहिता येते, तशीच ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग अशीही लिहिता येते. गंमत म्हणजे हे २०,४४९ स्वतःही १४३ चा वर्ग आहे.

ही संख्या मूळ असती, तर गाऊसच्या सिद्धांतानुसार तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपास वापरून काढता आला असता. तो काढता येत नाही. पण तिच्याहून फक्त दोनने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांचा गुणाकार आहे, आणि तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः काढता येतो. फर्माची सहावी मूळ संख्या आजवर सापडलेली नसल्याने, पट्टी आणि कंपास यांनी काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या ज्ञात सुसम बहुभुजांमध्ये तोच सर्वांत मोठा आहे.