हॉल कुठे गेला?

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘इंग्लंडमधली कामगारांची घरं’ असं छापलंय. तिथे मी येतोच, पण त्याआधी एका शब्दापाशी जरा थांबायचंय. हॉल.

आपल्याकडे ‘वन बीएचके’मधला हॉल म्हणजे घरातली सगळ्यात मोठी खोली. पाहुणे तिथेच, जेवण तिथेच, रात्री गाद्याही तिथेच. आज इंग्रजाच्या घरी ‘हॉल’ म्हणजे बहुतेक वेळा दारातला बोळ; कोट टांगायला, ओली छत्री ठेवायला. शब्द त्यांचा, पण त्याचा जुना अर्थ आपल्या घरांत टिकलाय. सातशे वर्षांपूर्वीचा इंग्रज डोंबिवलीच्या हॉलमध्ये चटकन रुळला असता. हसू नका, मी मनापासून सांगतोय.

केंटमध्ये पेन्सहर्स्ट प्लेस नावाचा वाडा आहे. जॉन द पुल्टनी या लंडनच्या व्यापाऱ्याचा, १३४१च्या सुमाराचा. त्याच्या हॉलच्या मधोमध अष्टकोनी चूल अजून आहे. धुराडं नव्हतं, धूर छपरातून वाट काढायचा. एका टोकाला ओट्यावर मालकाचं मेज, खाली नोकरचाकर. समानता होती असं नाही, ओटा होताच. पण धूर सगळ्यांच्याच डोळ्यांत जायचा, आणि आपली माणसं काय जेवतात हे मालकाला दिसायचं.

ही पंगत फार लवकर मोडायला लागली. चौदाव्या शतकातच विल्यम लँगलंड हा कवी तक्रार करतो, की धनी-धनीण आता धुराड्याच्या खोलीत वेगळी जेवतात आणि हॉल उदास पडलाय. पुढे १५७७मध्ये विल्यम हॅरिसन या एसेक्सच्या पाद्र्याने गावातल्या म्हाताऱ्यांचं नवल नोंदवलं: आमच्या लहानपणी गावात दोन-तीन धुराडी होती, आता बघावं तिकडे धुराडी! भिंतीत धुराडं आलं की हॉलमध्ये धूर राहत नाही. मग त्यावर मजला घालता येतो, मजल्यावर खोल्या निघतात, खोल्यांना दारं लागतात. माझ्या मते इंग्रजी घराची फाळणी या विटांच्या नळीने केली.

आता एक गोष्ट सांगतो, जरा लांबेल. उत्तर इंग्लंडमधल्या एका मोठ्या घरात मी गेलो होतो. नाव सांगत नाही. वाटाड्याने झुंबरं, तसबिरी, चिनी मातीची भांडी यांवर पाऊण तास घालवला. जिन्यालगत एक अरुंद दार होतं, भिंतीचाच कागद चिकटवलेलं, जेणेकरून दिसूच नये. विचारलं, तर म्हणाला, “नोकरांचा जिना. पाहण्यासारखं काही नाही, कुलूप असतं.” मी म्हटलं, त्याच्यासाठीच तर आलोय! तो पुढे गेला, सगळे त्याच्यामागे गेले. मी मात्र तिथेच उभा राहिलो. चौकटीची कड कोपराच्या उंचीवर झिजून गुळगुळीत झाली होती. दोन्ही हातांत तबक असलं की माणूस दार कोपरानेच ढकलणार. कित्येक वर्षांची कोपरं होती ती, आणि आमच्याकडून तिकिटाचे पैसे झुंबरांसाठी घेतलेले. तो राग अजून गेलेला नाही.

असे जिने मुद्दाम योजलेले असत. सतराव्या शतकाच्या मध्यात रॉजर प्रॅट या वास्तुरचनाकाराने बर्कशरमध्ये कोलशिल हाउस बांधलं. मधून लांब बोळ, दोन्ही टोकांना मागचा जिना, नोकरांचं जेवण तळघरात. नोकर ये-जा करताना दिसू नयेत, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. ते घर १९५२मध्ये जळालं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे कामगारांची घरं आता पळतच.

बर्मिंगहॅम, लीड्समध्ये पाठीला पाठ लावलेल्या घरांच्या रांगा उठल्या. तीन बाजूंना शेजाऱ्याची भिंत, दारं-खिडक्या एकाच बाजूला, संडास चौकातले सामाईक. खाली एकच खोली: स्वयंपाक, धुणं, आजारपण सगळं तिथेच. म्हणजे हॉलच, पण निरुपायाचा. १९०९च्या कायद्याने अशी नवी घरं बांधायला बंदी आली.

रेमंड अनविन हा वास्तुरचनाकार मोठ्या तळमळीने म्हणत होता, की कामगाराच्या छोट्या घरात बंद पार्लर, म्हणजे पाहुण्यांसाठी राखलेली बैठकीची खोली, कशाला? एकच मोठी, उजेडाची खोली द्या. त्याला एका अर्थी जुना हॉल परत हवा होता. पण १९१८मध्ये कामगारांची घरं कशी असावीत हे ठरवणाऱ्या सरकारी ट्युडर वॉल्टर्स समितीपुढे बहुतेकांनी पार्लरच मागितलं. घरातल्या बायकांनाही तेच हवं होतं. पाहुण्यांना बसवायला, पोराला अभ्यासाला, घरात कुणी गेलं तर शवपेटी ठेवायला एक वेगळी खोली. वरच्यांनी चारशे वर्षं मिटून घेतलेलं दार त्यांनाही एकदा मिटून पाहायचं होतं. १९१९च्या अ‍ॅडिसन कायद्याखाली नगरपालिकांनी घरं बांधली, ती पार्लरचीही आणि बिनपार्लरचीही.

संयोजक उभे राहिलेत. दोन्ही प्रकारच्या घरांचे नकाशे मागच्या टेबलावर ठेवलेत, बघून जा.