सोय संपल्यावर काय उरतं

मंडळी, विषय जाहीर झालाय तो असा: सोयीच्या लग्नाच्या गोष्टीत करार संपण्याचा प्रसंग कसा लिहावा. समोर बहुतेक लिहिणारेच आहेत, तेव्हा हा कथाप्रकार काय असतो ते समजावत बसत नाही. दोन माणसं प्रेमाचं नाव न काढता, कुठल्यातरी कामासाठी लग्न करतात आणि पुढे खरोखर एकमेकांची होतात. ठरवून केलेल्या लग्नाशी याची गल्लत मात्र करू नका. तिथे प्रेम होईल अशी सगळ्यांची आशा असते. इथे ते होऊ नये अशी अट असते, आणि सगळी गंमत त्या अटीतच आहे.

माझं म्हणणं आधीच मांडते. हे प्रेम खरं आहे हे वाचकाला पटतं ते लग्नाची गरज संपल्यावर, दोघांना मोकळं व्हायची पूर्ण मुभा असताना. गरज शिल्लक आहे तोवर तुम्ही कितीही हळवं लिहा, वाचकाच्या मनात एक कोपरा म्हणत राहतो की हिला घर हवंय, त्याला वारसा हवाय, म्हणून चाललंय. ती शंका वाक्यांनी जात नाही, घटनेनेच जाते. तिथे पोचायचं तर आधी पाया बघावा लागेल, कारण शेवट कोसळतो तो बहुतेक वेळा पहिल्या तीन प्रकरणांमुळे.

गरज पक्की हवी. लग्न हा चौथा पर्याय असावा. आधीचे तीन पर्याय, म्हणजे कर्ज, कोर्ट, कुणा जवळच्याची मदत किंवा जे काही असेल ते, वाचकाच्या डोळ्यांदेखत बंद झाले पाहिजेत. 'दुसरा मार्गच नव्हता' या एका वाक्यावर भागवलंत की वाचक तो मार्ग स्वतः शोधतो आणि त्याला तो पाच मिनिटांत सापडतो. दुसरं, गरज दोघांची हवी. वेगवेगळी हवी, पण साधारण सारख्या वजनाची. एकाकडे पैसा आणि दुसरीकडे नुसती अगतिकता असेल तर तो करार राहत नाही, ती खरेदी होते. मग नायक कितीही सभ्य काढा, वाचक नायिकेच्या काळजीतच पुढची पानं उलटतो. त्यावरचा उपाय असा: जी व्यक्ती अडचणीत आहे तिच्याकडे दुसऱ्याला इतर कुठेही न मिळणारी एक गोष्ट द्या, आणि बाहेर पडायची एक वाट द्या. स्वतःचं खातं, स्वतःची किल्ली, स्वतःचा वकील, काहीही चालेल. शरीराच्या जवळिकीबद्दलही तेच. ती करारात असता कामा नये, आणि नाही म्हणायची सोय दोघांनाही पानावर दिसली पाहिजे.

आणि गरजेला तारीख हवी. ही तारीख कायद्यात आयती मिळते. अमेरिकेचं उदाहरण घ्या. परदेशी जोडीदाराला कायम रहिवास मिळतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर तो रहिवास सशर्त असतो, दोन वर्षांपुरता. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत ती अट काढून घेण्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करायचा. लग्न निव्वळ कागदासाठी केल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. अधिकाऱ्याला शंका आली तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले जातात: आधी कोण उठतं, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं. अशी गोष्ट लिहायला घेतलीत तर ती भीती लिहा. निव्वळ विनोदासाठी हा प्रसंग वापरणारे फार आहेत, पण त्याचं खरं मोल वेगळंच आहे. परीक्षेसाठी पाठ केलेल्या दुसऱ्या माणसाच्या सवयी परीक्षा झाल्यावर विसरता येत नाहीत.

आता करार. तो लिहून काढा, कादंबरीत आला नाही तरी तुमच्या वहीत असू द्या. पाच ते सात कलमं पुरतात. पैशाचं, जागेचं, लोकांसमोर कसं वागायचं याचं, कशाबद्दल विचारायचं नाही याचं आणि संपवायचं कसं याचं. शिवाय एक असं, जे वाचकाला विनाकारण वाटेल. 'जिन्यातला दिवा रात्री बंद करायचा नाही.' त्याचं कारण दहाव्या-बाराव्या प्रकरणापर्यंत सांगू नका. मग ही कलमं एकेक करून मोडायची, आणि त्यालाही क्रम असतो. लोकांसमोरचं आधी मोडतं, कारण तिथे नाटक करताना माणूस जरा जास्तच करून बसतो. मग जागेचं, बहुतेक आजारपणात. मग न विचारायचं. पैशाचं सर्वांत शेवटी. हिशेब चालू असतो तोवर दोघांना आडोसा असतो, 'मी माझ्या वाट्याचंच केलं' असं म्हणता येतं. ज्या महिन्यात हिशेब लिहायचा राहून जातो आणि कुणी आठवणही करत नाही, त्या महिन्यात तो आडोसा गेलेला असतो.

वहीत प्रत्येक प्रकरणासाठी दोन रकाने आखा: करारातलं आणि कराराबाहेरचं. पहिल्या एक-तृतीयांश भागात कराराबाहेरची नोंद एखादीच. मधल्या भागात प्रकरणाला एक, आणि शक्यतो आळीपाळीने, एकदा हिची, एकदा त्याची. ही नोंद मोठ्या भेटवस्तूची नको. दागिना दिला, गाडी दिली, की वाचक तो मोबदला समजतो. बारीक अक्षर न दिसणाऱ्या माणसाच्या औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या, हे चालतं. त्याला वेळ लागतो, कुणी सांगितलेलं नसतं आणि त्याचा गवगवा होत नाही. दुसऱ्याला ते कळावं तेही उशिरा, आपसूक.

याचं इतिहासातलं माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण बेंजामिन डिझरायली आणि मेरी ॲन यांचं आहे. त्यासाठी थोडा वेळ घेते. डिझरायली पुढे दोनदा इंग्लंडचा पंतप्रधान झाला, पण १८३९ मध्ये तो कर्जात बुडालेला, चमकदार बोलणारा तरुण खासदार होता. मेरी ॲन त्याच्याच मतदारसंघातल्या सहकारी खासदाराची विधवा, वयाने बारा वर्षांनी मोठी, लंडनमध्ये मोठं घर आणि चांगलं उत्पन्न असलेली. उत्पन्न आणि घर तिच्या हयातीपुरतं होतं, हे लक्षात ठेवा. लग्नाआधी फेब्रुवारीत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तू पैशासाठी मागे लागलायस, असं ती म्हणाली. त्यावर त्याने जे लांबलचक पत्र लिहिलं त्यात त्याने चक्क कबूल केलं की सुरुवातीला पुढाकार घेतला तेव्हा माझ्या मनात कुठलीही प्रणयभावना नव्हती. तुझी संपत्ती लोक समजतात त्याहून बरीच कमी आहे हे मला नंतर कळलं, असंही लिहिलं. विचार करा, लग्न मोडायला असं पत्र पुरेसं आहे. त्या पत्रानंतर लग्न झालं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. सोय लपवलेली नव्हती. ती टेबलावर मांडून झाली होती, आणि म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

मेरी ॲनने दोघांच्या स्वभावांची एक यादी केली होती, समोरासमोर दोन रकान्यांत. तो शांत, ही उसळणारी. तो मनात नसलेलं पुष्कळदा बोलतो, ही मनात नसलेलं कधीच बोलत नाही. त्याचा सगळा जीव राजकारणात, हिला राजकारणाचा तिटकारा. आणि हेही: तो प्रतिभावान, ही मठ्ठ. मठ्ठ बाई इतकं नेमकं निरीक्षण करत नाही. १८६७ मध्ये मताधिकार सुधारणेच्या वादात लोकसभागृहात मोठा विजय मिळवल्यावर क्लबातल्या सहकाऱ्यांनी त्याला जेवायला थांबायचा आग्रह केला. तो थांबला नाही, घरी गेला. तिने उत्तररात्रीपर्यंत जागून जेवण आणि शॅम्पेन तयार ठेवलं होतं. त्याच वर्षी दोघं एकदमच आजारी पडले, एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत, तर पेन्सिलीने चिठ्ठ्या लिहून एकमेकांना पाठवत राहिले. पुढच्या वर्षी पंतप्रधानपद सोडताना त्याने सरदारकी स्वतःसाठी घेतली नाही, तिच्यासाठी मागून घेतली. तिचं म्हणून एक वाक्य सांगतात: डिझीने माझ्याशी पैशासाठी लग्न केलं, पण पुन्हा संधी मिळाली तर तो प्रेमासाठी करेल. १८७२ मध्ये ती गेली आणि तिच्याबरोबर घर आणि उत्पन्नही गेलं. म्हणजे तेहेतीस वर्षं सोय शिल्लकच होती. मला वाटतं म्हणूनच तिला ते वाक्य बोलावं लागलं. तुमच्या पात्रांना तेहेतीस वर्षं नसतात, म्हणून त्यांची सोय तुम्हाला मध्येच संपवावी लागते.

आता एक तक्रार. ती मी प्रत्येक ठिकाणी करते आणि पुढेही करणार. विसावं प्रकरण येतं. सगळं छान जमत आलेलं असतं. आणि कुणीतरी, जुनी प्रेयसी, आत्या, धंद्यातला भागीदार, नायिकेला कोपऱ्यात घेऊन सांगतं, 'त्याने तुझ्याशी जायदादीसाठी लग्न केलं.' नायिका हादरते! रडते, बॅग भरते, पाऊस येतो. अहो, तिला ते माहीत आहे! तिसऱ्या प्रकरणात तिने त्यावर सही केली आहे, स्वतःची कलमं घालून घेतली आहेत. ज्या गोष्टीत लग्न सोयीचं आहे हे दोघांना पहिल्यापासून ठाऊक आहे, त्या गोष्टीत तोच गौप्यस्फोट कसा होऊ शकतो? दाराआडून ऐकलेलं अर्धं वाक्य, हा त्याचाच धाकटा भाऊ. तो फोनवर म्हणतो, 'छे, तो नुसता व्यवहार आहे,' पुढचं वाक्य ऐकायला ती थांबत नाही, आणि आपण चाळीस पानं वाचायची. पुढचं वाक्य ऐकलं असतं तर चाळीस पानं वाचली असती.

लेखक असं का करतात, तेही समजून घेतलं पाहिजे. त्यांना वियोग हवा असतो आणि कारण हाताशी नसतं. कारण हाताशी नसतं कारण गरज कुठेतरी गुपचूप विरून गेलेली असते. मृत्युपत्राची अट, कर्जाची मुदत, ताब्याचा दावा, सातव्या प्रकरणानंतर कुणी नावच काढत नाही. इंजिन बंद पडलं की गाडी ढकलायला गैरसमज बोलवावा लागतो. एकच पलंग असलेल्या खोलीचंही तसंच. तो प्रसंग वाईट नाही, पण त्या रात्री कुठलं कलम मोडलं हे सांगता येत नसेल तर तो काढून टाका.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. आणि ज्यासाठी बोलावलंत ते आत्ता कुठे सुरू होतंय. भराभर सांगते.

पहिलं, गरज संपण्याचा नमुना. १८६० च्या दशकातल्या रशियात स्त्रियांना विद्यापीठ बंद होतं आणि वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या संमतीशिवाय परदेशी जाण्याचे कागद मिळत नसत. म्हणून पुढारलेले तरुण नावापुरती लग्नं करून मुलींना मोकळं करत. सोफिया कोवालेव्स्काया ही गणिती १८६८ मध्ये, अठराव्या वर्षी, व्लादिमिर कोवालेव्स्कीशी तशीच लग्न करून बाहेर पडली. हायडेलबर्ग, मग बर्लिन. १८७४ मध्ये गटिंगेनची डॉक्टरेट. तोवर त्याचाही जीवाश्मांवरचा अभ्यास होऊन पदवी मिळालेली होती. कराराचं काम झालं. आणि त्यानंतर, रशियात परतल्यावर, ते नावापुरतं लग्न खरं झालं; १८७८ मध्ये त्यांना मुलगी झाली. पुढे घरबांधणीच्या धंद्यातली कर्जं, ताटातूट आणि १८८३ मध्ये त्याची आत्महत्या, असं फार दुःखाचं वळण आलं. पण लग्न खरं होण्याची जागा बघा: ठरलेलं काम पुरं झाल्यानंतर.

दुसरं, जागा. चोवीस प्रकरणांची कादंबरी असेल तर करार तिसऱ्यात, लग्न पाचव्यापर्यंत, गरज संपणं सतराव्या-अठराव्यात. त्याआधी संपवलीत तर राहण्याला अर्थ येत नाही, बाविसाव्यात संपवलीत तर दोघांना विचार करायला जागा राहत नाही.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: बातमी आधी एकालाच कळू द्या. कोर्टाचा निकाल, बँकेचं पत्र, काहीही. तो ती लपवतो. ही खरी फसवणूक आहे, आणि ती प्रेमातून आलेली आहे. आता कुणा आत्याची गरज नाही. किती काळ लपवतो यावर सगळं ठरतं. एक रात्र लपवली तर वाचक त्याच्या बाजूने असतो. आठवडाभर लपवली तर त्याने स्वतः कबूल केलं पाहिजे. महिनाभर लपवली तर त्याने दुसऱ्याचा निर्णय चोरलाय. मग ती घर सोडून जाणं रास्त आहे आणि त्याने काहीतरी गमावलंच पाहिजे.

चौथं, करार फाडू नका. कागद फाडणं फार सोपं आहे. शेवटचं कलम प्रामाणिकपणे पुरं करा: ठरलेली रक्कम द्या, सह्या करा, किल्ली परत करा. जाणाऱ्याला जायला खरी जागा असू द्या, नोकरी किंवा घर, वाचकाला आवडेल अशी. मग विचारा. आणि उत्तरात 'आपण कुठे राहायचं, खर्च कसा वाटायचा' हे येऊ द्या. ही दोन माणसं प्रेमही त्याच भाषेत बोलतील.

लघुकथावाल्यांसाठी दोन वाक्यं. तीन हजार शब्द असतील तर लग्न पहिल्या ओळीच्या आधीच झालेलं असू द्या, गोष्ट ते पत्र आलेल्या दिवशी सुरू करा आणि कलमं दोनच ठेवा, हिशेबाचं आणि न विचारायचं. बाकी प्रश्नोत्तरांत घेऊ.