कॅज्युअल, हार्डकोर आणि चवथीची रजा

श्रोतेहो, नमस्कार.

मुलगा ऑनलाइन गेम खेळतो असं कळलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती तास बसतोस त्यावर?' खेळणारेसुद्धा एकमेकांना तासांवरूनच तोलतात. थोडा वेळ खेळतो तो कॅज्युअल आणि रात्र रात्र जागतो तो हार्डकोर, अशी सरळ वाटणी. मी फोंड्याला राहतो, नोकरी करतो आणि बरीच वर्षं हे गेम खेळतो. ही वाटणी मला कधीच पटली नाही. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी कुठल्या गेमबद्दल बोलतोय ते सांगतो. पैसे लावून खेळायचे गेम यात येत नाहीत. त्यांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे, आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर काय चालतं त्याला दुसरं भाषण लागेल. माझा विषय आहे रोल-प्लेइंग गेम. तुम्ही एक पात्र घेता. योद्धा घ्या, जादूगार घ्या, जखमा भरणारा वैदू घ्या. ते पात्र लढत, शिकत, लेव्हल चढत मोठं होतं. त्या जगात तुमच्यासारखी हजारो माणसं एकाच वेळी वावरत असतात, आणि तुम्ही संगणक बंद करून झोपलात तरी ते जग चालूच राहतं. या प्रकाराचा मूळपुरुष ठरलेला गेम इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातला. १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो वाढवला. त्यात चित्र म्हणून नव्हतं. सगळा कारभार अक्षरांत.

चित्रांसकट हे जग घरोघरी नेणाऱ्यांत १९९९ चा 'एव्हरक्वेस्ट' मोठा. आणि तो निर्दय होता. पात्र मेलं की कष्टाने मिळवलेला अनुभव, म्हणजे लेव्हल चढवणारे गुण, कमी व्हायचा. अंगावरचं सगळं सामान मेल्या जागी पडून राहायचं, आणि ते आणायला हत्याराशिवाय त्याच राक्षसांच्या तोंडी पळत जावं लागायचं. दिवसभर कामावरून आलेल्या माणसाची अख्खी संध्याकाळ त्यात जायची. २००४ च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला तो बराच मवाळ होता. एकट्याने फिरा, हवं तेव्हा या, हवं तेव्हा जा. पण त्याच्याही टोकाला रेड होती. रेड म्हणजे बॉसवर, म्हणजे गेममधल्या बड्या राक्षसावर, ठरवून केलेली चाल, आणि तेव्हा तिला चाळीस जण लागत. मार झेलायला टँक, जखमा भरायला हीलर, बाकीचे मारणारे. एकाचं लक्ष चुकलं की चाळीसही आडवे. मग पुन्हा उभं राहायचं, पुन्हा चालत जायचं. युरोपच्या सर्व्हरवरची रेड तिथल्या रात्री आठला सुरू होते. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात.

इतक्यांना वेळेवर आणायचं कसं? खेळणाऱ्यांनी स्वतःच रीत काढली. आपापल्या टोळ्या बांधल्या. त्यांना गिल्ड म्हणतात. हजेरीचे गुण ठरवले. रेडला आलात, शेवटपर्यंत थांबलात तर गुण, आणि बॉसकडून मिळालेली लूट ते गुण खर्चून घ्यायची. 'ड्रॅगन किल पॉइंट्स' नावाची ही पद्धत एव्हरक्वेस्टच्या काळातच निघाली. कंपनीने ती दिलेली नव्हती. आमच्याकडच्या कितीतरी सहकारी सोसायट्यांपेक्षा तिचे हिशेब स्वच्छ होते, असं मी म्हणेन.

गोव्यातल्या माणसाला हे समजवायला नाटकाकडे जावं लागतं. आपल्याकडे दोन तऱ्हेची नाटकं होतात. एक देवळाच्या उत्सवात होतं. दिग्दर्शक एका मांडीवर संहिता आणि दुसऱ्या मांडीवर मोबाइल ठेवून बसलेला. बँकेतला कारकून आठला येतो, बसचा ड्रायव्हर नऊनंतर, आणि जहाजावरून सुटीला आलेला नायक अजून कुणाच्या तरी पाहुणचारात. पाठांतर अर्धं, उरलेलं प्रॉम्प्टरच्या भरवशावर. तरी प्रयोगाच्या रात्री अख्खा गाव समोर बसतो आणि वाक्य विसरलेल्या नटाला पहिल्या रांगेतून कुणीतरी ते पुरवतो. दुसरं नाटक कला अकादमीच्या स्पर्धेचं. महिनोन्‌महिने तालीम, नेपथ्याची मापं, प्रकाशाच्या सूचना, समोर परीक्षक. तिथे तालमीला न येणाऱ्याला काढून टाकतात, मग तो सरपंचाचा पुतण्या का असेना. आता गंमत बघा. या दोन्ही नाटकांत तोंडं पुष्कळदा तीच असतात. स्पर्धेत रडवणारा नट उत्सवात हसतखेळत वेळ मारून नेतो. त्याला हार्डकोर म्हणायचं की कॅज्युअल? माणूस एकच असतो. कुणाला काय कबूल करून तो रंगमंचावर चढला आहे, एवढाच फरक.

गेममध्येही तेच आहे. आठवड्यातून दोन रात्री तीन-तीन तास रेडला येणारी आमच्या गिल्डमधली एक परिचारिका आहे. तासांच्या मापाने ती कॅज्युअल ठरेल. पण त्या दोन रात्री ती मिनिटभर उशीर करत नाही, बॉस काय करतो ते वाचून येते, पात्राला लागणारी गेममधली औषधं आधी तयार ठेवते. उलट गेममधल्या तळ्याकाठी रोज सहा तास मासे पकडत, गप्पा मारत बसणारा एक जण आहे. त्याला रेडला बोलावलं की म्हणतो, 'नको बाबा, टेन्शन.' यातलं कोण हार्डकोर?

कंपन्यांना हा पेच पहिल्यापासून ठाऊक होता. वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळातली एक गोष्ट त्याच्या रचनाकारांनी पुढे सांगितली आहे. लोकांनी फार वेळ बसू नये म्हणून त्यांनी असं ठेवलं होतं की काही वेळ खेळल्यावर मिळणारा अनुभव निम्मा व्हायचा. खेळणारे खवळले. मग कंपनीने आकडेमोड जवळपास तीच ठेवली आणि मांडणी उलटी केली. निम्म्याला पूर्ण म्हटलं आणि आधीच्या पूर्णाला दुप्पट. विश्रांती घेऊन आलात म्हणून दुप्पट! सगळे खूश. पात्र खानावळीत झोपवून गेलात की दर आठ तासांनी या दुपटीची थोडी शिल्लक साठते, आणि दहा दिवसांत ती दीड लेव्हलपर्यंत जाते. कधीमधी येणाऱ्याला याचा खरा आधार झाला. २००३ च्या 'ईव्ह ऑनलाइन'ने याहून पुढची वाट घेतली. त्यात पात्राचं शिक्षण घड्याळाप्रमाणे चालतं, तुम्ही असा वा नसा. पण त्याच ईव्हमध्ये आपला तळ वाचवायला पहाटेचा गजर लावून उठणारे सेनापतीही आहेत.

मग रेड लहान होत गेल्या. २००७ मध्ये चाळीसचे पंचवीस आणि दहा झाले. २०११ च्या शेवटी 'रेड फाइंडर' आला. बटण दाबा, रांगेत थांबा, यंत्र तुम्हाला चोवीस अनोळखी माणसांत नेऊन टाकेल. ज्यांनी वर्षानुवर्षं शेवटचा बॉस फक्त दुसऱ्यांच्या व्हिडिओत पाहिला होता त्यांना तो समोर दिसला, हे चांगलंच झालं. पण त्या चोवीस जणांना एकमेकांची नावंही ठाऊक नसतात. कुणी मध्येच निघून गेला तरी चालतं, यंत्र दुसरा आणतं. जुन्या चाळीसांच्या रेडमध्ये शिव्या खाल्लेली माणसं आजही एकमेकांच्या मुलांच्या वाढदिवसाला शुभेच्छा पाठवतात. रेड फाइंडरमध्ये भेटलेल्या एकाशीही माझी ओळख टिकलेली नाही.

यापेक्षा मला जास्त खुपतं ते रोजच्या कामांचं प्रकरण. २००७ मध्येच वॉरक्राफ्टमध्ये रोज नव्याने करायची छोटी कामं आली, आणि आता मोबाइलवरच्या बहुतेक अशा गेममध्ये रोज हजेरी लावल्याचं बक्षीस असतं. सलग सात दिवस आलात तर मोठी पेटी, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं 'थोडा वेळ असलेल्यांसाठी' म्हणून विकलं जातं. परिणाम काय होतो? रेडवाल्याचे आठवड्यातले पाच दिवस मोकळे असतात आणि कॅज्युअल म्हणवणारा बिचारा मडगावच्या बसमध्ये उभ्या उभ्या, मावशीकडच्या बारशाच्या जेवणात, इस्पितळाच्या रांगेत आपली हजेरी भरत असतो. हार्डकोरने शब्द दिलेला असतो आपल्या गिल्डमधल्या दहा-वीस जणांना. ते त्याची वाट बघतात, रागावतात, समजूनही घेतात. कॅज्युअल मात्र शब्द देतो कंपनीच्या हजेरीपटाला. तासांचा हिशेब मागणाऱ्या आई-बाबांनी या दोघांतला फरक बघावा असं मला वाटतं, कारण दुसरा मुलगा घरात फार शहाणा दिसतो. 'दहाच मिनिटं' म्हणतो आणि खरंच दहा मिनिटांत उठतो. मग तासाभराने पुन्हा दहा मिनिटं.

मघाशी बार्टलचं नाव घेतलं. त्याने १९९६ मध्ये खेळणाऱ्यांचे चार प्रकार पत्त्यांच्या रंगांवर मांडले. चौकट म्हणजे खजिना आणि लेव्हल मिळवणारे, इस्पिक म्हणजे जगाचे कानेकोपरे खणून काढणारे, बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे आणि किल्वर म्हणजे दुसऱ्यांना बडवून आनंद मानणारे. यात तासांचं नाव नाही. मनाने बदामाचा असलेला माणूस गेमवर आयुष्य घालवूनही एकही मोठा बॉस न मारता राहू शकतो. नॉर्वेचा मॅट्स स्टीन तसा होता. स्नायू हळूहळू निकामी करणारा डुशेन हा आजार त्याला जन्मजात होता. हालचाल कमी होत गेली तशी त्याची वर्षं वॉरक्राफ्टमध्ये गेली, इबेलिन या नावाच्या पात्राच्या रूपात. २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. एकटाच राहिला पोरगा, असं आई-वडिलांना वाटत होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली, आणि परदेशांतून पत्रांमागून पत्रं येऊ लागली. कुणाचं मोडत आलेलं मन त्याने सावरलं होतं, कुणाला आपल्या मुलाशी बोलायला शिकवलं होतं. त्याच्या गिल्डची माणसं अंत्ययात्रेला दुसऱ्या देशांतून आली. हजारो तास खेळलेला हा मुलगा. त्याला कुठल्या खणात ठेवायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं आहे, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. खेळणं आवरता येत नाही, बाकी सगळ्यांपेक्षा गेम वरचढ होतो, नुकसान दिसत असूनही ते चालूच राहतं, आणि साधारण वर्षभर हे असंच चालतं. डॉक्टर हे बघतात.

आता हार्डकोरचा सगळ्यात नवा अर्थ. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वॉरक्राफ्टने अधिकृत हार्डकोर सर्व्हर काढले. पात्राला एकच जीव. मेलं की संपलं, मग ते साठाव्या लेव्हलचं का असेना. कल्पना जुनी आहे, २००० सालच्या 'डायब्लो २' मध्येही ती होती. पण इथे मजा अशी की खेळाचा वेग उतरला. लोक कोपऱ्यावर थांबून पुढे बघू लागले, अनोळखी माणसाला वाटेत मदत करू लागले. रोज एक तास खेळून दोन वर्षं एकच जीव जपणारे तिथे भेटतात. गोव्यात मात्र हा प्रकार पावसाळ्यात खेळू नये. जूनमधला पहिला वारा सुटला, कुठल्याशा तारेवर माडाचं झावळं पडलं, लाइट गेली, की इकडे राउटर बंद आणि तिकडे पात्र राक्षसासमोर नुसतं उभं. इंटरनेट गेल्यामुळे मेलात तरी कंपनी जीव परत देत नसे. मार्च २०२५ मध्ये सर्व्हरवरच बाहेरून हल्ले झाले, आपला खेळ लोकांना थेट दाखवणाऱ्या नामवंत स्ट्रीमरांची पात्रं त्यात मेली, तेव्हा कुठे कंपनी हलली आणि तशा हल्ल्यांत मेलेल्यांना उठवायला तयार झाली. झावळ्याने मेलेल्यांचा त्यात समावेश नाही. फोंड्यात खेळायचं तर इन्व्हर्टर घ्या, आणि राउटर त्याच्यावर आहे ना ते तपासा.

ज्यांना गिल्डमध्ये शिरायचं आहे त्यांना एक सांगतो. जाताना आपलं वेळापत्रक आधी टाका. परीक्षा कधी, रात्रपाळी कधी, शिगम्याला गावी जाणार का, सगळं. चांगला म्होरक्या ते लिहून घेतो. जो म्हणतो, 'ते आम्हाला सांगू नकोस, येणार की नाही एवढं बोल,' त्याच्याकडे जाऊ नका. आमचा म्होरक्या नेदरलँड्सचा, मी त्याचा हीलर. माझ्या रजेच्या खातर त्याने चवथ म्हणजे काय ते समजून घेतलं, गणपतीवर फळं-पानं टांगून सजवतात त्या माटोळीचे फोटो मागवून बघितले, आणि तारीख दर वर्षी का हलते यावर माझ्याशी दोन दिवस वाद घातला. आता जुलै संपता संपता तो स्वतःच तारीख विचारतो. यंदा आमच्याकडे गणपती सात दिवसांचा आहे असं कळवलं. त्यावर त्याचं उत्तर आलं, 'गेल्या वर्षी पाच होते ना? दोन दिवस कमी नाही होणार? त्या शनिवारी शेवटचा बॉस आहे.'

नमस्कार.